लक्ष लागत नाही. गोळी घ्यावी का?

पुस्तक उघडून तासभर बसलात, पण पान एकही पुढे सरकले नाही, असे तुमचे कधी होते ना? रोजच असे होऊ लागले तर? 'मन लावून अभ्यास कर' एवढे सांगून भागेल, की मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे?

१९३७ साली अमेरिकेतील डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी आपल्या रुग्णालयातील ३० मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिले. त्यांपैकी १४ मुलांच्या शालेय कामात ठळक सुधारणा झाली. अनेक चळवळी मुले शांतही झाली. उत्तेजकाने शांतता, हे नवलच!

आज यासाठी बहुधा मिथाइलफेनिडेट देतात. मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला निरोप पाठवते तो डोपामिनसारख्या रसायनांमार्फत. निरोप पोचला की पहिली पेशी ते रसायन परत शोषून घेते. हे औषध त्या शोषणात अडथळा आणते. रसायन दोन पेशींमधील फटीत अधिक वेळ टिकते आणि निरोप ठळक होतो.

मग गोळी घेऊन पाहावी, गुण आला तर आजार होता असे समजावे! हे अनुमान बरोबर आहे का? १९७८ साली ज्युडिथ रॅपोपोर्ट व सहकाऱ्यांनी असा कोणताही त्रास नसलेल्या १४ मुलांना याच जातीचे औषध दिले. त्यांचीही चुळबुळ कमी झाली, लक्ष वाढले. म्हणजे गोळीचा गुण हा आजाराचा पुरावा नव्हे.

व्हर्निअर वापरण्यापूर्वी आपण शून्यदोष तपासतो. तसेच येथे करावे. झोप आठ ते दहा तास होते का? फळ्यावरचे नीट दिसते का? रक्तक्षय, थायरॉइडचा विकार किंवा एखादी चिंता तर नाही ना? दोन आठवडे वही ठेवा: झोपेचे तास, कोणत्या विषयात, किती वेळाने मन भरकटले.

त्रास सहा महिन्यांहून अधिक चालला आहे, लहानपणापासूनचा आहे, घरी व शाळेत दोन्हीकडे होतो, असे दिसले तर ती वही आईवडिलांना दाखवा आणि त्यांच्यासह तज्ज्ञांकडे जा. गेले म्हणजे गोळी मिळालीच असे नाही. या औषधाने भूक मंदावते, झोप उशिरा लागते, नाडी वाढते. म्हणून मात्रा डॉक्टरच ठरवतात. मित्राची गोळी तर कधीच घेऊ नये.

चष्म्याचा नंबर काढून घेताना आपण लाजत नाही. मग येथेच का लाजावे?