अवतरणचिन्हांतील मजकूर वेगळा काढणें

पर्ल ही संगणकाची भाषा लॅरी वॉल यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केली. (मत्तयाच्या शुभवर्तमानांतील मोलवान मोत्याच्या दाखल्यावरून तिचें नांव सुचलें, हें ऐकून आमच्या वाचकांस कौतुक वाटेल.) मजकुराची निवडपाखड करण्यांत ती फार तरबेज आहे. म्हणून आम्ही वरच्या वर्गांतील मुलांस घेऊन ग्रंथालयाच्या यादींतून पुस्तकांचीं नांवें वेगळीं काढावयास बसलों.

यादींत प्रत्येक नांव दोन अवतरणचिन्हांच्या मध्यें होतें. एका ओळींत कधीं दोन, कधीं तीन नांवें. मुलांनीं सरळ नमुना लिहिला: चिन्ह, मग कितीही अक्षरें, मग पुन्हां चिन्ह. परंतु 'कितीही' ह्याची खूण जी तारका, ती मोठी हांवरी! ती पहिल्या चिन्हापासून निघून थेट ओळींतील शेवटच्या चिन्हापर्यंत जाते व तीन पुस्तकांचें एक पुस्तक करिते. तारकेपुढें प्रश्नचिन्ह लिहिलें म्हणजे ती लवकर थांबते. तरी नांवाच्या पोटांत उलटी तिरपी रेघ देऊन लिहिलेलें चिन्ह आलें कीं फसतेच. म्हणून डेमियन कॉन्वे यांच्या 'टेक्स्ट बॅलन्स्ड' ह्या संचांतील तयार क्रिया आम्ही घेतली. ती उलटी रेघ ओळखते, आणि सांपडलेला भाग व उरलेला मजकूर दोन्ही हातीं देते. मात्र नांवापूर्वींचीं अक्षरें ओलांडावयास तिला सांगावें लागतें. एरवीं ती कोऱ्या जागेपलीकडे जात नाहीं.

एका ओळींत शेवटचें चिन्ह लिहावयाचें राहून गेलें होतें. क्रियेस जोडी मिळाली नाहीं. ती कांहीं बोलली नाहीं, रिकाम्या हातांनीं परतली. मुलें म्हणालीं, "सर, ओळ संपली." एक पुस्तक यादींतून नाहींसें झालें! कपाट उघडून पाहिलें, तों तें जागेवर होतें.

अपयशाचें कारण एका विशेष चलांत नोंदलें जातें खरें, पण तें आपण होऊन पाहावें लागतें. शिवाय नांवें रीतसर संपलीं तरी तेथें तक्रार उमटतेच. म्हणून उरलेल्या मजकुरांत अवतरणचिन्ह शिल्लक आहे काय, हें तपासावें. नसेल तर ओळ खरोखर संपली. असेल तर चूक आहे. मग 'डाय' म्हणून काम थांबवावें, कीं 'वॉर्न' म्हणून इशारा देऊन पुढें जावें? आम्हांस सगळ्या चुका एकदम हव्या होत्या. आम्ही दुसरें पसंत केलें. संदेशाच्या शेवटीं नवी ओळ घातली नाहीं, तर वाचत असलेल्या ओळीचा क्रमांकही त्यास आपोआप जोडला जातो.

एकेक ओळ निराळी घेतली हें बरें झालें. सबंध यादी एकदम दिली असती, तर उघडें राहिलेलें चिन्ह पुढच्या नांवाच्या आरंभाशीं जुळलें असतें, आणि तेथून नांवें बाहेर व स्वल्पविराम आंत अशी उलटापालट झाली असती. इशाऱ्यांचा कागद घेऊन मुलें दुसऱ्या दिवशीं कपाटापाशीं गेलीं व एकेक पुस्तक ताडून पाहूं लागलीं.