फोम लेटेक्सचे चेहरे आणि शहापूर-मुरबाडचे विद्यार्थी

चित्रपटातील तरुण नटाला वृद्ध दाखवण्यासाठी किंवा त्याचे नाक-हनुवटी बदलण्यासाठी चेहऱ्याच्या मापाने आधी घडवून नंतर गोंदाने चिकटवला जाणारा कृत्रिम भाग म्हणजे प्रोस्थेटिक होय. पालक या कामाची गणना सहसा ब्यूटी पार्लरच्या अभ्यासक्रमांत करतात. वस्तुतः त्याचे नाते मूर्तिकामाशी आणि रसायनशास्त्राशी अधिक असल्याने पाल्याचा कल तपासताना हा फरक प्रथम ध्यानात घ्यावा लागतो.

दंतवैद्य दातांचा ठसा घेण्यासाठी वापरतात ते अल्जिनेट चेहऱ्यावर थापून साचा काढतात, त्यात प्लास्टर ओतून चेहऱ्याची प्रतिकृती मिळवतात आणि तिच्यावर तेलकट मातीत नव्या सुरकुत्या वा गाल घडवतात. त्या मातीकामाचा उलटा साचा घेऊन माती काढून टाकली, की प्रतिकृती आणि साचा यांमधली पोकळी हाच भावी प्रोस्थेटिकचा आकार ठरतो. ही पोकळी भरण्यासाठी रबराच्या चिकात, म्हणजे लेटेक्समध्ये, फेस आणणारे साबणयुक्त द्रव्य व गंधक मिसळून तो कित्येक पट फुगेपर्यंत मिक्सरमध्ये घुसळतात, मग वेग कमी करून मोठे बुडबुडे मोडतात व अमोनिया उडू देतात, आणि अखेरीस फेस गोठवणारे सोडियम सिलिकोफ्लोराइड घालतात. गोठलेला फेस साच्यासह सुमारे ८५ अंश सेल्सिअसला काही तास भाजला, की गंधकामुळे रबराचे रेणू परस्परांशी बांधले जाऊन स्पंजासारखा हलका पदार्थ, म्हणजेच फोम लेटेक्स, तयार होतो. उष्ण हवेत मिश्रण लवकर गोठत असल्यामुळे मे महिन्यातील मुरबाड आणि वातानुकूलित स्टुडिओ येथे एकच प्रमाण चालत नाही, आणि म्हणून दर खेपेचे वजन, तापमान व वेळ वहीत टिपण्याची सवय या व्यवसायात हस्तकौशल्याइतकीच मोलाची ठरते. भाजण्याची भट्टी स्वयंपाकाला पुन्हा वापरू नये, खोली हवेशीर असावी; लेटेक्सची ॲलर्जी असलेल्याने मात्र या वाटेला जाऊच नये.

फोम लेटेक्सच्या अतिशय पातळ कडा चेहऱ्यावरून काढताना फाटतात, त्यामुळे चित्रीकरणाच्या प्रत्येक दिवशी नवा तुकडा लागतो, आणि नवख्याला पहिले काम मिळते ते बहुधा याच पुनरावृत्तीमुळे: साचे धुणे, कडा सांधणे, भट्टी सांभाळणे. प्रकाश त्वचेप्रमाणे आत झिरपू देणाऱ्या सिलिकोनने अनेक ठिकाणी फोमची जागा घेतली असली, तरी ठसा, मातीकाम आणि साचा ही पायाभूत कौशल्ये दोन्हींत समानच आहेत.

२००९ च्या ‘पा’ चित्रपटातील अमिताभ बच्चन यांच्या रूपासाठी क्रिश्चन टिन्स्ले व डॉमिनी टिल या परदेशी कलावंतांना रंगभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०११ च्या चित्रपटांसाठी तोच पुरस्कार ‘बालगंधर्व’ व ‘द डर्टी पिक्चर’ यांकरिता विक्रम गायकवाड यांना लाभला. मुलींच्या पालकांनी आणखी एक घटना माहीत करून घ्यावी: मुंबईतील रंगभूषाकारांची संघटना स्त्रियांना केशभूषेपुरतेच सदस्यत्व देत असे, ती प्रथा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये चारू खुराना यांच्या याचिकेवर बेकायदा ठरवली.

शालेय वयात एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा, सुट्टीत गावातल्या गणपतीच्या कारखान्यात शाडू आणि प्लास्टरचे काम, आणि बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयासारख्या संस्थेत शिल्पकलेची पदवी, हा क्रम महागड्या अल्पमुदतीच्या वर्गांपेक्षा निःसंशय भक्कम आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला कृत्रिम दात बनवण्याचे शिक्षण देणारी डेंटल मेकॅनिक्सची पदविका हाही पर्याय आहे; तेथेही अल्जिनेट आणि साचेच हाताळावे लागतात, शिवाय चित्रपटसृष्टीबाहेर रोजगाराची सोय राहते.

हे काम बहुतांशी चित्रपटागणिक मिळते आणि चित्रीकरणाचे दिवस पहाटे सुरू होतात, त्यामुळे आसनगावहून लोकलने किंवा मुरबाडहून एसटीने कल्याण गाठून रोज ये-जा करणे अनेकदा अशक्य होते. पहिल्या दोन-तीन वर्षांचा मुंबईतील खोलीभाड्याचा आणि कामाविना जाणाऱ्या महिन्यांचा हिशेब कुटुंबाने प्रवेश घेण्यापूर्वीच मांडलेला बरा.