मुलांची माहिती आणि शिक्षकाची विश्वस्तता

शाळेचे दप्तर आता दोन ठिकाणी राहते. एक कपाटात, दुसरे शिक्षकाच्या खिशातील मोबाईलमध्ये. कपाटातील दप्तराचे नियम आपणां सर्वांस परिचित आहेत. जनरल रजिस्टर हा कायमचा अभिलेख. त्यात खाडाखोड करावयाची नाही, नाव वा जन्मतारीख बदलावयाची तर सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी हवी, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे. खिशातील दप्तराला मात्र ना कपाट, ना किल्ली. शाळेचे संकेतस्थळ, शाळेच्या नावाचे फेसबुक पान, एखाद्या उत्साही शिक्षकाची यूट्यूब वाहिनी, पालकांचा व्हॉट्सॲप गट, अशा ठिकाणी मुलांची नावे, चेहरे, गुण, आणि कधी कधी जातीचा प्रवर्ग व बँक खात्याचा क्रमांकही जाऊन पडतो. या दुसऱ्या दप्तराविषयी कायदा काय म्हणतो आणि त्यानुसार शिक्षकाने कसे वागावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी असा निर्णय दिला की, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क होय. पुढे संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत केला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. माहिती बाळगणाऱ्यावरील मुख्य कर्तव्ये त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून, बंधनकारक करण्याचे नियमांत ठरविले आहे. तथापि वळण लावून घेण्यास तारखेची वाट पाहण्याचे कारण नाही.

या अधिनियमातील दोन गोष्टी शिक्षकाने प्रथम ध्यानी घ्याव्यात. पहिली अशी की, तो कागदावरील माहितीला लागू नाही. संगणकीय स्वरूपातील, अथवा कागदावरून त्या स्वरूपात आणलेल्या माहितीला लागू आहे. म्हणजे कपाटातील रजिस्टर त्याच्या कक्षेबाहेर. परंतु त्याच रजिस्टरच्या पानाचे छायाचित्र काढून गटावर टाकले की ते कक्षेत आले. दुसरी गोष्ट शब्दाची. दुसऱ्याची माहिती कोणत्या हेतूने व कशी वापरावयाची हे जो ठरवितो, त्याला अधिनियमाने मालक म्हटलेले नाही. विश्वस्त या अर्थाचा शब्द योजिला आहे. देवस्थानच्या विश्वस्ताच्या हाती दागिन्यांची पेटी असते, पण दागिने त्याचे नसतात, हे खेड्यातील माणसास वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शाळेच्या नावाने केलेल्या प्रसिद्धीत शिक्षक संस्थेच्या वतीने वागत असतो. स्वतःच्या वाहिनीवर वा संकेतस्थळावर वर्गातील मुलांचे चित्रण तो टाकतो, तेव्हा विश्वस्त तो स्वतःच ठरतो. घरगुती वा वैयक्तिक वापराला अधिनियमाने सूट दिली आहे खरी. पण साऱ्या जगास खुल्या असलेल्या वाहिनीवरील वर्गाचे चित्रण घरगुती होय, हे म्हणणे टिकेल असे आम्हांस वाटत नाही.

आता हे सारे आपल्या परिसरास लावून पाहू. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या जमिनीवर पंचतारांकित एमआयडीसी वसली. कसबा सांगाव, तळंदगे अशा आसपासच्या गावांतील शाळांच्या पटावर हल्ली परप्रांतांतून आणि सीमेपलीकडील कर्नाटकातून आलेल्या कामगारांची मुले दिसतात. या मुलाचा बाप कारखान्याच्या फाटकावर बोटाचा ठसा देतो. ठेकेदार आधारची प्रत मागतो, ती देतो. खोलीचा मालक मागतो, त्यालाही देतो. पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद होते, तेथेही देतो. मागेल त्याला कागद द्यावयाचा, दाखवील तेथे सही करावयाची, ही त्याला पोटासाठी लागलेली सवय आहे. असा मनुष्य शाळेत आला आणि आपण छापील संमतीपत्र पुढे केले, तर तो न वाचता सही करील. ती सही कायद्याच्या अर्थाने संमती आहे काय?

नाही. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण अधिनियमाच्या दृष्टीने बालक होय. त्याच्या बाबतीत पालकाची पडताळता येण्याजोगी संमती लागते. ही संमती मुक्त, विशिष्ट हेतूपुरती, समजून दिलेली, विनाअट आणि निःसंदिग्ध असली पाहिजे. ती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील बावीसपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. त्या अनुसूचीत मराठीप्रमाणे कन्नड, हिंदी, उडिया व बंगालीही आहेत. मराठी न जाणणाऱ्या मातेपुढे मराठी संमतीपत्र ठेवणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही घेण्यासारखेच झाले. वर्गातील एखाद्या मोठ्या मुलाकडून अर्थ सांगविणे सोपे, पण आम्ही ते टाळू; मूल आपल्या आईला "नको म्हण" असे मास्तरांसमोर कधी सांगणार नाही.

संमती प्रत्येक कामाला लागते असे मात्र नव्हे. शैक्षणिक कामासाठी आणि पटावरील मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळा जी देखरेख ठेवते, तिला नियमांनी सूट दिली आहे. शासकीय लाभ देण्यासाठी लागणारी माहिती विहित अटींच्या अधीन राहून वेगळ्या संमतीवाचून घेता येते. तेव्हा हजेरी घेताना वा शिष्यवृत्तीचा प्रस्ताव भरताना बिचकण्याचे कारण नाही. पण शिष्यवृत्तीसाठी गोळा केलेली यादी शिष्यवृत्तीच्याच कामी यावी. नाव, प्रवर्ग व खाते क्रमांक असलेला तोच तक्ता "आपापली नावे तपासावीत" म्हणून ऐंशी पालकांच्या गटावर टाकला, की हेतू सुटला आणि केवळ सोय उरली. ज्याचे त्याला वेगळे कळविण्यास एक दुपार लागते. ती दुपार शिक्षकाने द्यावी.

राजर्षी शाहू छत्रपतींचा जन्म कागलच्या घाटगे घराण्यातला. १९१७ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. सक्ती आली की घरोघरच्या मुलांच्या याद्या आल्याच. यादी करणे हे आपल्या पेशाचे जुने काम आहे, आणि ती करावयाची असते मूल शाळेत आणण्यासाठी. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही असे म्हटले. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू नये, हे २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमात आहेच. कागद मागण्याच्या भरात मूल फाटकाबाहेर राहिले, तर यादीचा मूळ हेतूच हरपला.

औद्योगिक वसाहतीजवळच्या शाळांत एक प्रसंग वारंवार येऊ शकतो, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ खाली ठराविक आकारमानाच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. त्यातून शाळेस बाके, संगणक, दप्तरे मिळतात, हे चांगलेच आहे. पाहुणे येतात, मुलांना रांगेत उभे केले जाते, प्रत्येकाच्या हाती दप्तर देऊन छायाचित्र निघते आणि ते कंपनीच्या संकेतस्थळावर झळकते. कंपनीने आपल्या संकेतस्थळावर समिती, धोरण व मंजूर प्रकल्प जाहीर करावेत असे नियम सांगतात; मुलांचे चेहरे दाखवावेत असे सांगत नाहीत. शिवाय ही संमती मुख्याध्यापकांनी परस्पर द्यावयाची नाही. ती पालकांची आहे. देणगी स्वीकारताना हे पाहुण्यांना आधीच नम्रपणे सांगावे. बाके, झाडे लावणारे हात, फळ्याकडे तोंड करून बसलेला वर्ग, मुलांनी काढलेली चित्रे यांचे छायाचित्र घेण्यास कोणाचीच ना नसते. ज्याला दप्तर मिळाले त्याने चेहऱ्याने त्याची परतफेड करावयाची, हा व्यवहार मुलाच्या मनास केव्हा लागतो ते आपणांस कळतही नाही.

आणि प्रश्न केवळ मनाला लागण्याचा नाही. समजा, एक स्त्री मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून दूर मूल घेऊन वसाहतीत कामास आली आहे. शाळेच्या पानावर मुलाचा हसरा चेहरा, खाली नाव, इयत्ता, शाळा आणि गाव. शोधणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

काही माहिती तर संमती असली तरी प्रसिद्ध करू नये. आधार क्रमांक जाहीर करण्यास, चिकटविण्यास वा लोकांपुढे मांडण्यास आधार अधिनियम, २०१६ ने मनाई केली आहे. लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या बालकाचे नाव, छायाचित्र, घर, शाळा, शेजार यांपैकी काहीही कोणत्याही माध्यमातून उघड करणे हा २०१२ च्या पोक्सो अधिनियमाच्या कलम २३ खाली गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कारावास, दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नेही विधिसंघर्षग्रस्त आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांस असेच संरक्षण दिले आहे. गावात अशी घटना घडली की सहानुभूतीचे संदेश गटावर फिरू लागतात. शिक्षकाने ते पुढे पाठवू नयेत.

दंडाचा उल्लेख करावयास हवा म्हणून करतो. बालकांविषयीच्या कर्तव्यांचा भंग झाल्यास २०२३ च्या अधिनियमात २०० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. हा आकडा कमाल मर्यादेचा. भंगाचे स्वरूप व गांभीर्य पाहून रक्कम ठरावयाची आहे. गावच्या शिक्षकाने त्याने भयभीत होऊन शाळेचे पान बंद करावे असे आम्ही म्हणणार नाही.

संमतीपत्र लहान असावे. नमुना असा: "माझ्या पाल्याचे छायाचित्र, नावाशिवाय, स्नेहसंमेलनाच्या वृत्तासाठी शाळेच्या संकेतस्थळावर हे शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत ठेवण्यास माझी हरकत आहे / हरकत नाही." 'हरकत आहे' हे शब्द मुद्दाम आधी घातले आहेत. सही घेताना तोंडी सांगावे की, नाही म्हटल्याने पोषण आहार, पुस्तके वा शिष्यवृत्ती यांत काडीचाही फरक पडणार नाही, आणि आज होय म्हटले तरी उद्या एका शब्दाने नाही म्हणता येईल. संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सुलभ असावे, असा अधिनियमाचा दंडक आहे. मोबाईल हरवला व त्यात मुलांच्या याद्या होत्या, तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांस लेखी कळवावे. अशा प्रसंगी संबंधितांना विनाविलंब सांगण्याचे व मंडळास ७२ तासांत तपशील देण्याचे कर्तव्य नियमांनी घातले आहे. ही मुदत चालू असता शोधाशोधीत दोन दिवस घालविणे परवडत नाही.

कामाचा ठेका संपला की ही मुले वर्षाच्या मध्येच गाव सोडतात. शाळा सोडल्याचा दाखला तयार करताना आणखी एक काम त्यास जोडून घ्यावे. त्या मुलाचे नाव वा चेहरा शाळेच्या कोणत्या पानावर आहे ते पाहून तो काढावा, पालकाचा क्रमांक गटातून वगळावा, शिक्षकाच्या मोबाईलमधील आधारची व पासबुकाची छायाचित्रे पुसावीत, आणि ती पुसल्याचे पालकास सांगावे. जनरल रजिस्टरमधील त्याची नोंद मात्र कपाटात, आहे तशी, कायम राहील.