साखळी कायद्यानेच बंद झाली आहे

वस्तीत आरोग्य शिबिर लावले की बीपी-शुगर तपासायला रांग लागते. "घरात कुणाला झोप येत नाही का, कुणी एकटेच बोलत बसते का?" असे आम्ही विचारले, की बायका एकमेकींकडे बघतात. सगळ्या गेल्यावर एखादी मागे थांबते आणि हळू आवाजात सांगते. ही लाज आपल्या अंगी का मुरली, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

इंग्रजांनी १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला, १९१२ साली दुसरा केला. दोन्हींत भर होता तो रुग्णाला समाजापासून दूर ठेवण्यावर. दाखल करण्याची मुख्य वाट दंडाधिकाऱ्याच्या हुकमातून जायची, म्हणजे आजारी माणूस आधी साहेबापुढे उभा राहणार. स्वातंत्र्यानंतरही हा कायदा हटला नाही. १९८७ चा नवा कायदा प्रत्यक्षात १९९३ मध्ये लागू झाला, तोवर तोच चालला. 'याला येरवड्याला पाठवा' ही आपली थट्टा त्याच भिंतींची आठवण आहे.

या काळात एक वेगळे काम अमृतसरला झाले. १९५० च्या दशकात तिथल्या मानसिक रुग्णालयाचे डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू देऊन राहायला लावले. नातेवाइकांनी रुग्णाची सेवा करायची, आजार काय आहे ते ऐकायचे आणि त्याला सोबत घेऊन घरी जायचे. आम्हा परिचारिकांना याचे मोल वेगळे सांगायला नको. औषध लिहून देणारा डॉक्टर पाच मिनिटे भेटतो, ते रोज वेळेवर देणारे माणूस घरातच लागते.

जिथे घरच्यांना कुणी काही समजावले नाही, तिथे एरवाडी घडले. तामिळनाडूतल्या या गावी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानात ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी जखडलेले होते, पळता आले नाही. २८ जण गेले. त्यांना तिथे सोडणारे नातेवाईक सगळेच दुष्ट होते असे आम्ही म्हणणार नाही. जवळ उपचार नव्हता आणि बरे होण्याची आशा दर्ग्यावरच होती.

आज २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. तो २०१८ पासून लागू झाला. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला त्यात मनाई आहे. भूल दिल्याशिवाय विजेचे झटके देता येत नाहीत, सक्तीने डोके भादरता येत नाही. सरकारी सेवेत जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेद चालत नाही. समाजाच्या रूढी किंवा धार्मिक समजुती पाळत नाही, एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. नवऱ्याचे न ऐकणाऱ्या सुनेला 'वेडी' म्हणणाऱ्या घरांत हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे! घरच्यांनी टाकून दिलेल्या रुग्णाला स्वतःच्या घरात राहण्याचा हक्क आहे. तो मिळवायला सरकारने मदत करायची आहे, वकीलसुद्धा द्यायचा आहे.

कुणी जीव देण्याचा प्रयत्न केला तर पोलीस केसच्या भीतीने लपवू नका. तो माणूस तीव्र तणावाखाली होता असेच हा कायदा धरून चालतो. विष पोटात असताना गेलेला एकेक तास महागात पडतो, म्हणून डॉक्टरांना खरे सांगा.

पहिली चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. ते दूर असेल तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते.