बांधावरची पाथरी आणि फवारणीचे विष

गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या पाण्यावर पोसलेल्या परभणी जिल्ह्याच्या काळ्या शिवारात, बांधांच्या व कालव्यांच्या ओलसर कडांना जमिनीशी अंग टेकून जी पाथरी उगवते, ती पाश्चात्य देशांत डँडेलियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि आपल्याकडे हिमालयाच्या थंड उतारांवर आढळणाऱ्या वनस्पतीची सगोत्र होय. तोच पानांचा भुईलगत पसरलेला झुबका, तोच देठातून स्रवणारा पांढरा चीक, तेच पिवळे फूल आणि वाऱ्यावर तरंगत जाणारे तेच रेशमी केसांचे बी. युरोपात डँडेलियनची कोवळी पाने कच्ची खातात आणि मुळे भाजून कॉफीसारखे पेय करतात. आमच्याकडे पाथरी चिरून, तिच्यात शेंगदाण्याचा कूट, तिखट, मीठ आणि कच्चे तेल घालून ज्वारीच्या भाकरीबरोबर खाण्याचा रिवाज आहे. या रिवाजावर माझे प्रेम आहे, आणि म्हणूनच त्याला जडलेल्या एका नव्या धोक्याविषयी लिहिणे मला कर्तव्य वाटते.

दसऱ्याच्या सुमारास शेतावर कामाला येणाऱ्या एका मावशींनी मोठ्या मायेने पाथरीची जुडी आणून दिली. पाने टवटवीत होती, स्वच्छ धुतली गेली, आणि नित्याप्रमाणे कच्चीच ताटात वाढली गेली. तासाभरातच घरातील वडीलधाऱ्यांना आणि मुलांना मळमळू लागले, घाम आणि तोंडाला अनावर लाळ सुटू लागली. इस्पितळात नेल्यावर डॉक्टरांनी टाचणीच्या टोकाएवढ्या आकसलेल्या बाहुल्या पाहून कीटकनाशकाच्या विषबाधेचे निदान केले आणि ॲट्रोपीनची सुई सुरू केली. ईश्वरकृपेने सर्व जण बचावले. चौकशीअंती कळले की ज्या बांधावरून ती जुडी खुडली होती, त्याला लागून असलेल्या कपाशीवर आदल्याच दिवशी मोनोक्रोटोफॉस फवारले गेले होते. मावशींचा यात काडीचाही दोष नव्हता, कारण त्या बांधावर फवारणीची कोणतीही खूण नव्हती.

हे औषध केवळ पानाच्या पृष्ठभागावर न राहता वनस्पतीच्या अंतर्भागातही शोषले जाते, त्यामुळे कितीही धुतले तरी ते पूर्णतः जात नाही. भाजीपाल्यावर त्याचा वापर करण्यास केंद्र शासनाने 2005 सालीच मनाई केली, परंतु बांधावरची रानभाजी कोणत्याच दप्तरात भाजीपाला म्हणून नोंदलेली नसते. तणनाशकाची गोष्ट याहून फसवी आहे. ग्लायफोसेट फवारल्यावर पाने पिवळी पडण्यास कित्येक दिवस लागतात आणि तोवर पाथरी हिरवीगार दिसते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कित्येक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, यावरून कीटकनाशकांची तीव्रता ध्यानी यावी.

म्हणून माझी विनंती अशी की, कपाशी वा सोयाबीनच्या बांधावरची पाथरी खुडूच नये, आणि ज्वारी-हरभऱ्याच्या शिवारातूनही खुडण्यापूर्वी शेताच्या मालकास फवारणीविषयी विचारून घ्यावे. बाजारात जुडी घेताना ती कोठून आली याचा खुलासा मागण्यास संकोच करू नये. ओळखीचीही खातरजमा करावी: पाथरीचा चीक पांढरा असतो आणि पानाच्या कडेला बारीक पांढरट दाते असतात, ते बोचत नाहीत, पिवळ्या धोत्र्याचे कोवळे रोप असेच भुईलगत पसरते, परंतु त्याचे पान काटेरी व चीक पिवळा असतो, आणि ते विषारी आहे.

याहून निर्धास्त मार्ग म्हणजे परसात पाथरी लावणे. सकाळी फुलाचा पांढरा पिसारा उघडताच, वाऱ्याने उडून जाण्याआधी, बी हातात गोळा करावे. पावसाळा ओसरल्यावर शेणखत व थोडी वाळू मिसळून केलेल्या गादीवाफ्यावर ते विरळ टाकून वर मातीचा केवळ पातळ थर द्यावा. आमची काळी जमीन पाणी धरून चिबड होते, म्हणून वाफा उंच असणे अगत्याचे. मूळ शाबूत ठेवून बाहेरची पाने खुडत गेल्यास झुबका पुन्हा फुटतो, आणि फुलांचा दांडा येण्यापूर्वीची पाने सर्वांत कमी कडू लागतात.

एवढे करूनही कोणास मळमळ, घाम वा अनावर लाळ अशी विषबाधेची लक्षणे दिसली, तर बळेच उलटी करवू नये, अंगावर फवारा उडाला असल्यास कपडे बदलून त्वचा साबणाने धुवावी, आणि औषधाची बाटली सापडल्यास ती सोबत घेऊनच तात्काळ रुग्णालय गाठावे, कारण तिच्यावरील नाव कळले की डॉक्टरांना उपचाराची दिशा लवकर ठरवता येते. ज्या कास्तकारांना फवारणी करावीच लागते, त्यांनी बांधावर एखादे लाल फडके बांधून ठेवावे आणि शेजारच्या वस्तीत तशी वर्दी द्यावी. एवढ्या अल्प दक्षतेने अनेक घरांतील ताटे सुरक्षित राहतील.