बाखनंतर थेट शोनबर्ग

(आत्या पियानो शिकवते. भाचा डबिंग स्टुडिओत आवाजाचं एडिटिंग करतो आणि घरी आल्यावर ख्याल ऐकतो.)

भाचा: आत्या, तू ग्लेन गुल्डच्या रेकॉर्डिंगची जी यादी पाठवलीस ना, तिच्यात मधोमध एक भगदाड आहे. आधी बाख, त्याच्याही आधीचे ऑर्लॅंडो गिबन्स, विल्यम बर्ड, आणि मग एकदम शोनबर्ग, बर्ग, हिंडेमिट. पियानो म्हटलं की मला तर शोपां आठवतो. तो कुठे गेला?

आत्या: भगदाड माझं नाही बाबा, त्याचंच आहे. आणि अगदी रिकामं नाही हं. बेथोव्हन भरपूर आहे, ब्राम्स थोडा आहे. पण शोपां, शूमान, राखमानिनोव्ह, म्हणजे ज्यांच्यावर निम्म्या पियानोवादकांचा संसार चालतो, त्यांच्याकडे हा जवळजवळ फिरकलाच नाही. शोपांचा एक सोनाटा १९७० मध्ये कॅनडाच्या रेडिओसाठी वाजवला, तेवढाच.

भाचा: असते एकेकाची आवड.

आत्या: आवड होतीच, पण नुसती लहर नव्हती. जानेवारी १९५५. टोरंटोचा हा बावीस वर्षांचा मुलगा न्यू यॉर्कच्या टाउन हॉलमध्ये पहिल्यांदा वाजवायला बसतो. अशा वेळी लोक काय वाजवतात? टाळ्या मिळतील ते. यानं काय वाजवावं? गिबन्स, स्वेलिंक, वेबर्न, बर्ग, बेथोव्हनचा उतारवयातला एक सोनाटा आणि बाख. गिबन्स वारला १६२५ मध्ये, आणि वेबर्नची ती व्हेरिएशन्स पुरी झाली १९३६ मध्ये. तीनशे वर्षांचं अंतर एका संध्याकाळी, शेजारी शेजारी. श्रोत्यांत कोलंबिया रेकॉर्ड्सचा डेव्हिड ओपनहाइम होता. दुसऱ्याच दिवशी त्यानं कराराचं बोलणं काढलं.

भाचा: पण या दोन टोकांना बांधणारं काय आहे? बाख ऐकताना मला निदान कळतं की काहीतरी सुंदर चाललंय. शोनबर्ग लावला आणि शेजारच्या काकूंनी विचारलं, कुणी पियानो पुसतंय का म्हणून.

आत्या: काकूंचं चुकलं नाही. पण तू सांग, बाख ऐकताना तुझा कान कुठे असतो?

भाचा: वरच्या सुरावटीवर. उजव्या हातावर.

आत्या: तिथेच गफलत होते. आपल्याकडे एक गाणारा असतो, बाकीचे त्याच्या मागे असतात. तीच सवय घेऊन आपण बाखकडे जातो. शोपांच्या बाबतीत ती बऱ्यापैकी चालून जाते, कारण तिथे पुष्कळदा एक हात गातो आणि दुसरा साथ करतो. बाखच्या फ्यूगमध्ये साथीदार नसतातच. तीन किंवा चार स्वतंत्र आवाज, प्रत्येकाला स्वतःची सुरावट, आणि सगळे एकाच वेळी. याला काउंटरपॉइंट म्हणतात. तुझ्या डबिंगच्या सीनमध्ये तीन माणसं एकदम बोलतात आणि तरी तिघांचंही वाक्य कळायला हवं असतं, तसं.

भाचा: त्या सीनला आमचा अख्खा दिवस जातो. तीन ट्रॅक वेगळे असूनही.

आत्या: आणि गुल्डकडे ट्रॅक नाहीत. एक वाद्य, दहा बोटं. म्हणून त्यानं काय केलं ते ऐक. पायाखालचं पेडल जवळजवळ सोडलं, कारण ते दाबलं की सूर एकमेकांत मिसळतात. सूर जोडून वाजवण्याऐवजी त्यानं सुटे सुटे, टोकदार वाजवले. मध्ये बारीकशी फट राहिली की कान त्या फटीतून खालचा आवाज पकडतो. बाखच्या काळी हार्पसिकॉर्ड होतं, तिथे बोट जोरात मारा की हळू, आवाजाचा जोर बदलत नाही. पियानोवर बदलतो. म्हणजे मधला आवाज किंचित पुढे आणता येतो, मग तो मागे सारून खालचा पुढे. पियानोची ही सोय आणि हार्पसिकॉर्डचा तो कोरडेपणा, दोन्ही त्याला हवं होतं. त्याचा लाडका स्टाइनवे होता, सीडी ३१८ नावाचा. त्याच्या पट्ट्या त्यानं इतक्या हलक्या करून घेतल्या की १९६४ च्या इन्व्हेन्शन्सच्या रेकॉर्डमध्ये पियानो मधूनच उचकी लागल्यासारखा एक सूर दोनदा वाजवतो. त्यानं ते दुरुस्त न करता तसंच बाजारात आणलं, वर रेकॉर्डवर खुलासाही लिहिला.

भाचा: आमच्याकडे असं केलं तर क्लायंट पैसे देणार नाही. बरं, बाखचं समजलं. शोनबर्गचं काय?

आत्या: तेच तर! शोनबर्गमध्येही आवाजच आहेत. त्यानं काढून टाकलं काय, तर षड्ज. सप्तकातले बाराही सूर सारखे, कुणी मोठा नाही, कुणाकडे परतायचं नाही. पण मग रचना उभी कशावर राहणार? म्हणून बारा सुरांचा एक क्रम आधी ठरवायचा. तो सुलटा वाजवा, शेवटाकडून वाजवा, किंवा आरशात धरल्यासारखा, म्हणजे चढ असेल तिथे उतार. आता गंमत बघ, सुरावट आरशात धरणं, लांबवणं, एका आवाजानं दुसऱ्याच्या मागून तीच ओळ घेऊन येणं, हे सगळं बाखनं करून ठेवलेलंच आहे.

भाचा: म्हणजे नवा माणूस जुन्याच हत्यारांनी काम करतोय.

आत्या: आणि ते लपवतही नाही. पियानोसाठीचा त्याचा सुइट, ओपस २५, १९२१ ते १९२३ मधला. सबंध कृती एकाच बारासुरी क्रमावर बांधण्याचा हा त्याचा पहिला प्रयोग. आणि त्यातल्या तुकड्यांची नावं काय? प्रेल्यूड, गाव्होट, मुझेट, इंटरमेझो, मेन्युएट, गीग. प्रेल्यूड आणि इंटरमेझो सोडले तर सगळे बाखच्या काळचे दरबारी नाच. अजून एक. जर्मन मंडळी सुरांना अक्षरं देतात, त्यांत बी आणि एच हे दोन वेगळे सूर आहेत, त्यामुळे बाखचं आडनाव पट्ट्यांवर वाजवता येतं. शोनबर्गच्या त्या क्रमातले शेवटचे चार सूर उलटे वाजव. बी, ए, सी, एच.

भाचा: काय सांगतेस! ऐकू येतं ते?

आत्या: छे. मला तरी कधी आलं नाही, आणि ज्यांना येतं म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. क्रम ऐकायचाच नसतो, आवाज ऐकायचे. गुल्ड वाजवतो तेव्हा ते ऐकू येतात. शोनबर्गचाच आधीचा ओपस ११, १९०९ चा, तो तर त्यानं इतका ऊबदार वाजवलाय की ब्राम्सचा धाकटा भाऊ वाटावा. बाख वाजवताना हा माणूस विसाव्या शतकातला वाटतो आणि शोनबर्ग वाजवताना एकोणिसाव्या. मधलं शतक त्यानं असं मागच्या दारानं घरात घेतलं.

भाचा: लोकांनी घेतलं का हे?

आत्या: मॉस्कोत १९५७ मध्ये गेला होता. बाखसाठी लोकांनी डोक्यावर घेतलं. मग तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत विद्यार्थ्यांसमोर बोलायला आणि वाजवायला उभा राहिला, आणि काढलं काय, तर बर्ग, वेबर्न, क्रेनेक. सोव्हिएत रशियात हे संगीत सरकारदरबारी नापसंत. काही बुजुर्ग प्राध्यापक उठून गेले. विद्यार्थी मात्र बसून राहिले.

भाचा: आणि गोल्डबर्ग व्हेरिएशन्स? सगळे तेच नाव घेतात.

आत्या: घेऊ देत, हक्काचं आहे. बाखनं १७४१ मध्ये छापलेली रचना, पट्ट्यांच्या दोन ओळी असलेल्या हार्पसिकॉर्डसाठी. एक आरिया, तिच्या खालच्या सुरांच्या चालीवर तीस रूपं, आणि शेवटी पुन्हा तीच आरिया. दर तिसरं रूप कॅनन, म्हणजे एकाची ओळ दुसरा मागून घेतो. तिसऱ्या रूपात त्याच सुरावरून, सहाव्यात एक सूर वरून, असं करत सत्ताविसाव्यात नवव्या सुरापर्यंत. तिसावं आलं की तू दहाव्याची वाट बघत बसतोस, आणि बाख तिथे चक्क लोकांच्या तोंडची गाणी एकमेकांत गुंफून ठेवतो. पियानोवर पट्ट्यांची एकच ओळ असल्यामुळे दोन्ही हात एकमेकांवर आदळतात, तो त्रास वेगळाच. जून १९५५ मध्ये गुल्डनं हे न्यू यॉर्कच्या एका जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या स्टुडिओत वाजवलं. अडतीस मिनिटांत सगळं. तोवर ही रचना जाणकारांपुरती होती.

भाचा: त्यानं पुन्हा केलेलं १९८१ चं रेकॉर्डिंग मी ऐकलं, ते एक्कावन्न मिनिटांचं आहे. इतका संथ झाला?

आत्या: थोडी मिनिटं काही भाग पुन्हा वाजवल्याची आहेत. पण हो, आरिया तर जवळजवळ थांबतेय असं वाटतं. खरा बदल वेगळाच आहे, आणि तुला तो चटकन कळेल. १९५५ मध्ये प्रत्येक रूपाला स्वतःची लय होती. १९८१ मध्ये त्यानं तीसही रूपं एका नाडीवर बांधायला घेतली. एकाची मात्रा पुढच्याची अर्धी, कुठे दीडपट.

भाचा: दुगुन, आड.

आत्या: त्याच वाटेवरचं काहीतरी. मला ते कधीकधी फार हिशेबी वाटतं, पण पंचविसाव्या रूपापर्यंत पोचलास की तक्रार विसरतोस. १९८२ मध्ये ती रेकॉर्ड बाजारात आली आणि थोड्याच दिवसांत, ४ ऑक्टोबरला, तो गेला. पन्नास वर्षांचा होता.

भाचा: त्यानं मैफली सोडल्या होत्या ना?

आत्या: एप्रिल १९६४, लॉस एंजेलिस, वय एकतीस. त्यानंतर पुन्हा लोकांसमोर बसला नाही. त्याचं म्हणणं, स्टुडिओत जे घडतं ते मैफलीत घडू शकत नाही. इथे तुझा धंदा येतो. १९६६ मध्ये त्यानं एका लेखात सांगून टाकलं की बाखच्या एका फ्यूगचे, ए मायनरमधल्या, आठ टेक झाले. सहावा गंभीर आणि जोडून वाजवलेला, आठवा सुटा आणि खेळकर. दोन्ही बिनचूक, पण दोन्ही शेवटपर्यंत एकसुरी. मग त्यानं टेप कापली. सुरुवात आणि शेवट सहाव्यातला, मधला भाग आठव्यातला.

भाचा: ब्लेडनं टेप कापून! आम्ही रोज माऊसनं हेच करतो, फक्त बोलत नाही. पण चूक झाकायला केलेला कट आणि हा कट यांत फरक आहे. इथे चूक नव्हतीच.

आत्या: मुद्दा तोच. वाजवून झाल्यावर तो पुन्हा रचत होता. पुढे त्यानं काही संगीतकार, काही ध्वनितंत्रज्ञ आणि काही सामान्य माणसं बसवून जोड कुठे आहेत ते ओळखायला लावलं. कुणालाच सगळे ओळखता आले नाहीत.

भाचा: तरी मला खटकतं. ख्यालात माणूस अडतो, सावरतो, त्यातच तर मजा असते. केसरबाईंचं गाणं कोणी असं कापून जोडलं तर?

आत्या: बरं नाव काढलंस. व्हॉयेजर यानांवर १९७७ मध्ये जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि बाखच्या वेल-टेम्पर्ड क्लेव्हियरच्या दुसऱ्या भागातला पहिला प्रेल्यूड आणि फ्यूगही. तो गुल्डनंच वाजवलेला. गोव्यातल्या केरीच्या बाई आणि टोरंटोचा हा, एका तबकडीवर. केसरबाईंना ध्वनिमुद्रणाचं फारसं प्रेम नव्हतं, रेकॉर्ड मोजक्याच. याला ध्वनिमुद्रणाशिवाय दुसरं प्रेम नव्हतं. मी तुझ्या बाजूला आहे म्हणशील तर अर्धी आहे. १९५९ मध्ये साल्झबुर्गला त्यानं गोल्डबर्ग मैफलीत वाजवलं, त्याचं मुद्रण आहे. कात्रीविना. माझ्याकडून मी तेच आधी ऐकेन.

भाचा: आणि शोनबर्गच्या नंतरचं? त्याच्या काळचं नवं संगीत वाजवायचा का गुल्ड?

आत्या: कॅनडातल्या, त्या वेळी हयात असलेल्या संगीतकारांची एक रेकॉर्ड केली त्यानं, मोराव्हेट्स, अनहाल्ट, हेतू. हिंडेमिटचे तिन्ही सोनाटे केले, आणि मौज म्हणजे त्याच्या हयातीतलं ग्रॅमी त्याला त्या रेकॉर्डच्या वेष्टनावरच्या लेखासाठी मिळालं, वाजवण्यासाठी नाही. पण बूलेझ, श्टोकहाउझन, केज यांची एकही रेकॉर्ड नाही. जिथे आवाज एकमेकांशी बोलायचे थांबले, तिथे हाही थांबला. नव्याचा तो भोक्ता होता असं कुणी म्हणालं तर मी मान डोलावणार नाही. त्याला काउंटरपॉइंट हवा होता, तो जुन्यात मिळाला तर जुन्यात.

भाचा: ठीक. मग आज रात्री काय लावू? काकूंचा विचार करून सांग.

आत्या: ओपस २५ मधला मुझेट. मुझेट म्हणजे फ्रान्समधली एक पिशवीची पुंगी, तिच्यात एक सूर अखंड भरून राहतो. जुन्या मुझेट नाचांत तो सूर खाली धरलेला असतोच. शोनबर्गनंही तो ठेवलाय. जी हा सूर सारखा परत येत राहतो.

भाचा: म्हणजे बारा सूर सारखे म्हणून षड्ज काढला, आणि मग आणून बसवला?

आत्या: षड्ज नाही म्हणायचं त्याला. बाकीचे अकरा त्याला जुमानत नाहीत. पण तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला धरायला काहीतरी मिळतं, आणि ते धरून ठेवलंस की वरचे आवाज आपोआप सुटे होतात. मग गीग लाव, दोनदा. आणि हेडफोनमध्ये कुणीतरी मागे गुणगुणतंय असं वाटेल. तो गुल्डच आहे. फायलीवर नॉइज रिडक्शन चालवू नकोस.