महाग भिंग कोणाला, साधे कोणाला

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की घरच्यांपुढे भिंगांचे दरपत्रक येते आणि बोट आपोआप सर्वांत महागड्या भिंगाकडे जाते. भिंग जन्मात एकदाच बसते, मग पैशाकडे कशाला पाहायचे, हा विचार आईवडिलांवरच्या मायेतून येतो. पण दरपत्रकातून भिंगाची माहिती मिळते, तुमच्या डोळ्याची नाही. पडदा आणि बुबुळ निरोगी आहेत का, हे आधी पाहावे. माणूस दिवसभर किती अंतरावरचे काम करतो, हे त्यानंतर. किंमत सर्वांत शेवटी. या क्रमाने विचार केला तर आपल्या जालना जिल्ह्यातल्या बहुतेक रुग्णांना साधे मोनोफोकल भिंगच योग्य ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोनोफोकल भिंग सगळा प्रकाश एकाच अंतरासाठी एकवटते. बहुधा ते दूरच्या नजरेसाठी बसवतात आणि वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकल भिंग तोच प्रकाश दूर आणि जवळ असा वाटून देते. जगभरातल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर दोन्ही भिंगांची दूरची नजर साधारण सारखीच भरते. मल्टिफोकलवाल्यांची चष्म्याची गरज कमी होते, हा त्याचा खरा फायदा. मात्र दिव्यांभोवती वलये दिसणे आणि डोळे दिपणे त्यांच्यात जास्त आढळते, आणि प्रकाश वाटला गेल्याने फिक्या रंगांतला, अंधुक उजेडातला फरक कमी कळतो. रात्री समृद्धी महामार्गावर गाडी चालवणाऱ्याला समोरच्या दिव्यांची वलये परवडणारी नाहीत. मधुमेहाने पडदा खराब झालेल्या किंवा काचबिंदू असलेल्या डोळ्यात फिका फरक ओळखण्याची ही क्षमता आधीच कमी झालेली असते. तिथे मल्टिफोकल बसवणे म्हणजे पैसे मोजून नजर आणखी फिकी करणे. पडदा निकोप, रात्रीचे वाहन चालवणे नाही, चष्म्याचा मनापासून कंटाळा आणि काही महिने वलयांची सवय करून घ्यायची तयारी असेल, तर ते भिंग जरूर घ्यावे.

साध्या भिंगातही निवड असते, आणि तिच्याबद्दल फार कमी लोक विचारतात. नजर कोणत्या अंतरावर ठेवायची हे शस्त्रक्रियेआधी ठरवता येते. शिवणकाम करणारी, बियाणे किंवा धान्य निवडणारी बाई दिवसभर हातभर अंतरावर पाहते. तिच्या डोळ्यात उणे दोनच्या आसपास नंबर मुद्दाम राखला तर सुमारे ५० सेंटिमीटरवरचे काम बिनचष्म्याचे होते आणि चष्मा फक्त दूरचे पाहायला लागतो. ज्यांना आयुष्यभर उणे नंबर होता आणि जे चष्मा काढून वाचत आले, त्यांनी तर हे आवर्जून सांगावे. नाहीतर दूरचे स्वच्छ दिसू लागते आणि वाचनाची जुनी सोय जाते. त्यामुळे शेतात, गिरणीत, यंत्रावर, घरात नेमके काय करता, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगा. टोरिक भिंगाचे पैसे मात्र योग्य डोळ्यात वसूल होतात: बुबुळाच्या वक्रतेमुळे तिरका नंबर साधारण दीडच्या वर असेल, तर त्याचा फायदा स्पष्ट दिसतो. पिवळसर भिंगाने पडदा वाचतो, याला भक्कम पुरावा नाही.

यावर हमखास येणारी शंका अशी, की जिल्हा रुग्णालयात किंवा शिबिरात मोफत बसणारे भिंग हलके असणार. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ४०० डोळ्यांवर फेको (यंत्राच्या कंपनांनी मोतीबिंदू फोडून काढणे) आणि शिबिरांत बहुधा होणारी, हाताने केलेली लहान छेदाची शस्त्रक्रिया यांची तुलना केली. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ किंवा त्याहून चांगली नजर फेकोच्या गटात ८१ टक्क्यांना होती, दुसऱ्या गटात ७१ टक्क्यांना. चष्मा लावल्यावर दोन्हीकडे आकडा ९८.४ टक्के. म्हणजे फरक बराचसा चष्म्याच्या नंबराचा होता. घडीचे भिंग लहान छेदातून जाते, जखम लवकर भरते, आणि चौकोनी कडेच्या भिंगामागचा पापुद्रा धुरकट होण्याचे प्रमाण कमी असते, हे मान्यच. परवडत असेल तर घडीचे मोनोफोकल घ्यावे. भारतीय बनावटीला बिचकू नये. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून भिंगे बनवून ती गरिबाच्या आवाक्यात आणली. पैशांसाठी मोसंबीच्या किंवा कापसाच्या हंगामापर्यंत शस्त्रक्रिया लांबवण्यापेक्षा मोफत भिंग कितीतरी बरे.

लांबवण्याने निवडच हातातून जाते. भिंगाचा नंबर डोळ्याच्या लांबीवरून काढतात आणि त्या मापात एक मिलिमीटर चूक झाली तर चष्म्याचा नंबर सुमारे अडीचने चुकतो. मोतीबिंदू पूर्ण पिकला की प्रकाशाने माप घेणारे यंत्र आरपार पाहू शकत नाही, पडदाही नीट दिसत नाही. अशा डोळ्यात महागडे भिंग घालणे म्हणजे आत काय आहे ते न कळता पैसे लावणे. पिकण्याची वाट पाहू नका. कामात अडचण येऊ लागली की तपासून घ्या. शस्त्रक्रियेनंतर भिंगाचे नाव आणि नंबर असलेले स्टिकर कागदपत्रांवर चिकटवले आहे ना ते पाहा. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी, दवाखाना वेगळा असला तरी, तो कागद सोबत न्या.